अंगावरची मापे

ज्या विषयाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. मनगटाला बांधावयाचा एक पट्टा, किंवा घड्याळासारखे दिसणारे एक यंत्र. दिवसभरात आपण किती पावले चाललो, नाडीचे ठोके मिनिटाला किती पडले, रात्री झोप किती तास लागली, याचा ते हिशेब ठेवते. गेल्या दहापंधरा वर्षांत ही वस्तू आपल्या गावांतही इतकी फैलावली आहे की सकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींत ती कोणाच्याच हाताला नाही असा घोळका विरळा. आणि हेही सर्वांच्या पाहण्यातले आहे की चारसहा महिन्यांनी तीच वस्तू टेबलाच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि वायरी यांच्या सोबतीला पडलेली असते. पुढे कधी डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा जरा गंभीर चेहऱ्याने सांगितला, किंवा नवे वर्ष उजाडले, की ती पुन्हा बाहेर निघते. काही आठवडे बांधली जाते. पुन्हा खणात जाते.

याकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की हा सारा दोष माणसाच्या आळसाचा. आरंभशूर हा शब्द आपल्या भाषेत तयारच आहे. आकडेही या दृष्टीला अनुकूल दिसतात. अमेरिकेतील एका सल्लागार संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, असे उपकरण घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते सहा महिन्यांच्या आत सोडून दिले होते. सिंगापुरात ८०० नोकरदारांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली बाहेर आले. ज्यांना पट्टा दिला होता त्यांपैकी वर्षाच्या शेवटी शंभरांत दहाच जण तो बांधीत होते. त्यांतल्या काहींना पावलांबद्दल रोख पैसेही मिळत. पैसे मिळत होते तोवर पावले वाढली आणि सहा महिन्यांनी पैसे थांबले तशी ती ओसरली. संशोधकांनी या प्रकाराला जे नाव दिले त्याचा आपल्या भाषेत अर्थ होतो त्याग; म्हणजे पोर टाकून द्यावे तसे यंत्र टाकून देणे.

आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. शरीर मोजण्याची हौस आजची नाही. तिला चारशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि तो चाळला म्हणजे दिसते की मोजण्याची साधने माणसाने जवळजवळ नेहमी अशीच वापरली आहेत: प्रश्न उभा राहिला की घेतली, उत्तर मिळाले की ठेवली. नवी आहे ती अखंड मोजत राहण्याची अपेक्षा. ती कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे.

अखंड मोजणाऱ्या माणसांत पहिला मान सांतोरियो याचा. १५६१ साली जन्मलेला हा वैद्य पुढे इटलीतील पादुआच्या विद्यापीठात अध्यापक झाला. त्याने छताला एक मोठा तराजू टांगून त्याला खुर्ची अडकवली. त्या खुर्चीत बसून तो जेवी, आणि खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी व शरीराबाहेर पडलेला मळ या सर्वांचे वजन करी. असे त्याने सुमारे तीस वर्षे केले. १६१४ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने सांगितले की दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यांतले पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या घामाच्या रूपाने उडून जाते. तीस वर्षे खुर्चीत बसणारा माणूस पाहून आपल्याला आपल्या तीस दिवसांची लाज वाटेल. पण सांतोरियोपाशी एक प्रश्न होता, आणि तो त्याच्यापूर्वी कोणी असा तराजूत घातला नव्हता. प्रश्न मोठा असेल तर खुर्ची तीस वर्षेही जड होत नाही.

याच खुर्चीचा वारसा पुढे अमेरिकेतील चार्ल्सटन गावच्या जॉन लायनिंग या वैद्याने चालविला. साथीचे रोग ऋतूप्रमाणे येतात आणि जातात, तेव्हा शरीरातही ऋतूप्रमाणे काही बदल होत असला पाहिजे, असे त्याला वाटले. १७४० साली त्याने सकाळ-संध्याकाळ स्वतःचे वजन घेण्यास आणि खाण्यापिण्याची व हवामानाची नोंद करण्यास आरंभ केला. ती नोंद त्याने एक वर्ष ठेवली. वर्षात ऋतूंचा एक फेरा पुरा होतो, म्हणून प्रश्नालाही एक वर्ष पुरे. त्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीने छापल्या, आणि लायनिंगने वर्षानंतर तराजूचा त्याग केला अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मध्यंतरी इंग्लंडात सर जॉन फ्लॉयर याने नाडी मोजण्यासाठी एक घड्याळ करवून घेतले होते. त्याच्या १७०७ सालच्या ग्रंथाचे नावच त्या घड्याळावरून पडले आहे. आपल्याकडे नाडीपरीक्षा त्यापूर्वी कितीतरी शतके चालत आली होती; शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल सापासारखी, बेडकासारखी की हंसासारखी, असे विचारले आहे. चालीचा विचार आमच्या वैद्याने केला, संख्येचा फ्लॉयरने. त्या घड्याळाची एक खोड मात्र फार बोलकी आहे. ते एक मिनिट चाले आणि थांबे. त्याला दिवसाची वेळ ठाऊक नव्हती. ठोके मोजण्यापुरते जागे व्हावयाचे आणि पुन्हा निजावयाचे, इतकेच त्याचे काम.

आता बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट पाहा. तो शरीर मोजीत नव्हता, स्वभाव मोजीत होता. पण त्याच्या यादीतला पहिला गुण खाण्यापिण्यातला संयम होता, म्हणून त्याची साक्ष काढणे अगदीच गैर नव्हे. तेरा गुणांची त्याने एक लहानशी वही केली. दर आठवड्यास एक गुण घ्यावयाचा, रोज रात्री चूक झाली असेल तेथे काळा ठिपका द्यावयाचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. खाडाखोड करून कागदाला भोके पडू लागली तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंती पानांवर उतरविला, म्हणजे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता यावेत. पुढे काय झाले ते त्याने आत्मचरित्रात न लपविता सांगितले आहे. काही काळाने वर्षाला एकच फेरी होऊ लागली, मग काही वर्षांतून एक, आणि शेवटी प्रवास आणि कामे यांच्या रेट्यात ती पूर्णपणे सुटली. वही मात्र तो सदैव जवळ बाळगीत राहिला. आजच्या कारखानदाराच्या वहीत फ्रँकलिनची नोंद सोडून गेलेला गिऱ्हाईक अशीच होईल. फ्रँकलिन स्वतः मात्र म्हातारपणी त्या वहीचे उपकार मानतो.

त्याचा समकालीन थॉमस जेफर्सन हा तर खऱ्याखुऱ्या पावले मोजणाऱ्या यंत्राचा शौकी. पॅरिसमध्ये असताना त्याने असे एक यंत्र आपला मित्र जेम्स मॅडिसन याच्यासाठी घेतले आणि १७८८ साली पाठविले. सोबतच्या पत्रात ते अंगावर कसे बसवावे याची सविस्तर कृती आहे: तुमानीच्या घड्याळाच्या खिशाला तळाशी लहानसे भोक पाडावयाचे, त्यातून फीत खाली सोडून गुडघ्यापाशी आकड्याने अडकवावयाची, म्हणजे पाऊल पडले की फीत ओढली जाते आणि काटा पुढे सरकतो. पुढे दोघेही पुरुष अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पण येथे आम्हांस त्यांच्या राजकारणापेक्षा त्या पत्रातले आणखी एक वाक्य मोलाचे वाटते. यंत्राने मोजणे थांबवावे असे वाटेल तेव्हा काय करावे हेही जेफर्सनने लिहिले आहे. ते वरच्या बाजूने सोडवून खिशाच्या तळाशी पडू द्यावे. सुरू कसे करावे आणि बंद कसे ठेवावे, या दोन्ही सूचना त्या एका पत्रात शेजारी शेजारी आहेत.

पाऊल मोजण्यात खंड पडू न देणारा एक महापुरुष आपल्या देशातही झाला. कुमाऊँकडील पंडित नैनसिंह रावत यांस ब्रिटिशांच्या भूमापन खात्याने एकाच लांबीचे पाऊल टाकावयास शिकविले होते, इतके की दोन हजार पावलांचा एक मैल व्हावा. त्यांच्या हातातल्या माळेत १०८ च्या ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा. यात्रेकरूच्या वेषात १८६५-६६ साली ते ल्हासापर्यंत गेले आणि ज्या मुलखात परक्या माणसास बंदी होती तेथील अंतरे मोजून आले. पुढे १८७७ साली लंडनच्या भूगोलसंस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. हिमालयाच्या थंडीत, पकडले गेलो तर गर्दन जाईल या भयात, एकही मणी न चुकविणे ही असामान्य गोष्ट खरीच. पण हे पाऊल मोजणे नोकरीचे होते. ज्याला आपण फिरावयास जाणे म्हणतो ते हे नव्हे. संध्याकाळी नदीकाठी हिंडून यावे त्यात नैनसिंहांची माळ शिरली तर काय होईल, याचा विचार करण्यासारखा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्डन एटकिन या अमेरिकन संशोधक बाईंच्या प्रयोगांत असेच काहीसे दिसून आले. चित्र रंगविणे, चालणे, वाचणे अशा आवडीच्या गोष्टी लोकांना मोजावयास लावल्या की त्या मोजेपर्यंत जास्त होतात. मात्र त्या कामासारख्या वाटू लागतात, आणि मोजणी काढून घेतली की करण्याची इच्छा उलट कमी झालेली असते. पट्टा खणात का जातो याचे एक कारण येथे आहे. फिरण्याचा कंटाळा आलेला नसतो, हजेरी लावण्याचा आलेला असतो.

आमचा सर्वांत भक्कम साक्षीदार मात्र घराघरांतला थर्मामीटर. रोग्याचा ताप नियमाने मोजावा हे वैद्यकाच्या अंगवळणी पाडले ते लाइपझिगच्या वुंडरलिश याने. हजारो रोग्यांच्या नोंदींवर उभा असलेला त्याचा ग्रंथ १८६८ साली निघाला. तोपर्यंतचे ताप मोजण्याचे यंत्र फूटभर लांबीचे, काखेत पंधरावीस मिनिटे धरून बसावे लागे. १८६६ च्या सुमारास इंग्लंडातील क्लिफर्ड ऑलबट याने सहा इंचांचे, पाच मिनिटांत काम करणारे थर्मामीटर केले आणि ते डॉक्टरच्या खिशात मावू लागले. पुढे ते घरोघरी पोचले. वर्षातले साडेतीनशे दिवस ते कपाटात निजलेले असते. त्याचा मालक आळशी आहे असे कोणी म्हणते काय? अंगात कणकण आली, की रात्री दोन वाजता त्याची आठवण होते, आणि ताप उतरला की त्याची विचारपूस कोणी करीत नाही. हीच त्याची नेमणूक.

करोनाच्या साथीत ही गोष्ट आपण सर्वांनी फार जवळून पाहिली. रक्तातला प्राणवायू बोटाला चिमटा लावून मोजण्याचे तत्त्व टाकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडले. ते गृहस्थ २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे ज्या महिन्यांत त्यांचा चिमटा जगभर घरोघरी मागितला जाऊ लागला त्याच सुमारास. त्या वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली आणि आरोग्यसेवक तो चिमटा घेऊन दारोदार फिरले. २०२१ च्या उन्हाळ्यात तर ज्याच्या घरी आजारी माणूस होते त्याला दिवस त्या आकड्यांतच मोजावा लागला. सहा मिनिटे खोलीत येरझारा घालावयाच्या आणि बोट पुढे करावयाचे. ९७ आला की घर हसे, ९३ आला की फोन सुरू होत. बाजारात चिमटे मिळेनात; एक चिमटा तीनचार बिऱ्हाडांत फिरला. पुढे साथ ओसरली. आज ते चिमटे बहुतेक घरांत औषधांच्या डब्याच्या तळाशी आहेत, कित्येकांतले सेल गळून गेले आहेत. त्या दिवसांची आठवण नको म्हणून काहींनी ते मुद्दाम दृष्टीआड केले असतील, तर तेही समजण्यासारखे आहे. उपकरण ठेवून देणे हा कधी कधी शोकाचाही भाग असतो.

मग अखंडपणाची अपेक्षा आली कोठून? तिची दोन मुळे आम्हांस दिसतात. एक मूळ जपानात आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले आणि व्यायामाची लाट आली. दुसऱ्याच वर्षी तेथील यामासा कंपनीने कमरेला लावावयाचे पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले. नाव ‘मांपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे माप. दहा हजार हा आकडा वैद्यकाने तपासून काढलेला नव्हता; तो गोल होता, कानाला गोड होता, आणि विक्रीला सोयीचा होता. आपल्याकडे रेल्वे स्टेशनांवर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की दिवे लुकलुकत आणि तिकिटावर एका बाजूला वजन व दुसऱ्या बाजूला भविष्य छापून येई. भविष्यावर कोणाचा विश्वास नसे, तरी ते वाचल्याशिवाय कोणी हलत नसे. दहा हजारांच्या आकड्याचे असेच झाले. पुढे अर्ध्या शतकाने, २०१९ साली, आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून अधिक वृद्ध अमेरिकन स्त्रियांची पावले मोजून पाहिली. दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्या बायकांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढत नव्हता. म्हणजे साडेपाच हजार पावले चालून आलेली जी आजी रात्री आकडा पाहून खट्टू होते, तिने वास्तविक दिवस चांगला घालविलेला असतो. तिला नापास करते ती १९६५ सालची जाहिरात.

दुसरे मूळ यंत्राच्या करणीत आहे. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली छातीच्या पट्ट्यातून मनगटावर नाडीचा आकडा पाठविणारे यंत्र आणले, पण ते खेळाडूंचे होते; सरावापुरते बांधावयाचे आणि सोडावयाचे. हृदयाचा आलेख दिवसभर घेण्याचे हॉल्टरचे यंत्र तर डॉक्टरने लावावयाचे आणि एक-दोन दिवसांनी परत घ्यावयाचे. २००९ साली फिटबिट बाजारात आले आणि २०१५ साली ॲपलचे घड्याळ. यांनी दिवसामागून दिवस साठविले आणि त्यांची साखळी करून मालकापुढे धरली. पूर्वी माप घेतले नाही तर ते कोठे दिसत नसे. आता न घेतलेले मापही दिसू लागले. आलेखात एक रिकामी जागा, तुटलेली साखळी, वर एक उलटा शून्य. चाळीस दिवसांची साखळी एकेचाळिसाव्या दिवशी तापामुळे तुटली, की पुष्कळांचे मन पट्ट्यावरून जे उडते ते उडतेच. त्या दिवशी खाटेवर पडून राहणे हेच आरोग्याचे होते, हे यंत्राला कळत नाही.

याबाबतीत आमच्या आज्या अधिक शहाण्या होत्या असे म्हटल्यास कोणी हसू नये. चातुर्मासात पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घालण्याचा नेम बायका करीत, आणि दाणे किंवा मणी ठेवून मोजदाद ठेवीत. पावले मोजण्याचा हा खास मराठी प्रकार. पण त्या नेमाला आरंभ होता आणि अंत होता. अडचणीचा दिवस मोजणीत धरीत नसत. राहिलेले पुढे भरून काढीत. संख्या पुरी झाली की उद्यापन करीत, चार माणसांना जेवू घालीत, आणि नेम सन्मानाने सुटे. आषाढी ते कार्तिकी वांगे न खाणारा माणूस मार्गशीर्षात भरीत खातो म्हणून त्याने व्रत टाकले असे आपण म्हणत नाही. धर्माची बाजू बाजूला ठेवली तरी यात माणसाच्या स्वभावाची जाण आहे. ॲपलच्या घड्याळात आजारपणात किंवा सुटीत साखळी न तोडता हिशेब थांबविण्याची सोय आली ती २०२४ साली, म्हणजे घड्याळ निघाल्यावर नऊ वर्षांनी. उद्यापनाची सोय अजून कोणी काढलेली नाही.

सोडून देणारे लोक काय म्हणतात, हे ऐकण्याची एक नामी युक्ती अमेरिकेतील काही संशोधकांनी केली. जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या जाहिराती त्यांनी चाळल्या. देशभरच्या एका महिन्यातल्या अशा उपकरणांच्या सुमारे १६०० जाहिराती त्यांनी वाचल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. कंटाळलेले लोक त्यांत होतेच. पण ज्यांचे उद्दिष्ट पुरे झाले, ज्यांना नवे चांगले यंत्र मिळाले, ज्यांची प्रकृती किंवा राहणी बदलली, असेही पुष्कळ होते. म्हणजे खणातले प्रत्येक यंत्र हे पराभवाचे चिन्ह नव्हे. पुष्कळदा ते फी घेऊन निरोप दिलेल्या शिकवणीच्या मास्तरांसारखे असते. शिवाय बांधून ठेवण्यानेच फळ मिळते असेही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४७१ तरुण स्थूल माणसांपैकी यंत्रवाल्यांचे वजन दोन वर्षांत साडेतीन किलोंनी घटले, बिनयंत्रवाल्यांचे सुमारे सहा किलोंनी. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा यंत्राने दिवसाला सरासरी १८०० पावले वाढतात असे आढळले, आणि ही वाढ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

आता यावर कोणी म्हणेल की हे सारे हौशी लोकांचे झाले. ज्याच्या जिवाशी मोजणीची गाठ आहे त्याने यंत्र ठेवून देणे परवडेल काय? हा आक्षेप खरा आहे आणि आमच्या म्हणण्याची कसोटी येथेच लागते. लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलाची साखर रात्री झोपेत एकदम खाली गेली तर ते दगावू शकते. अमेरिकेत २००१ साली ‘ग्लुकोवॉच’ नावाचे घड्याळ मान्य झाले. कातडीतून सूक्ष्म वीज सोडून ते साखर मोजी. दर मापाला सुई टोचावी लागत नसे. आईबापांना केवढी आशा वाटली असेल! पुढे २०० मुलांवर सहा महिने प्रयोग झाला. पहिल्या महिन्यात मुले ते आठवड्यातून सुमारे दोनदा लावीत. सहाव्या महिन्यात दीडदा, आणि चौथा हिस्सा मुलांनी ते अजिबात सोडले होते. कारणे विचारली तेव्हा कळले की कातडी लाल होऊन चुरचुरते, मधले आकडे गाळले जातात, आणि नको तेव्हा घंटा वाजते. काही वर्षांत ते घड्याळ बाजारातून गेले. ही मुले आळशी होती काय? ज्या यंत्राने हात भाजल्यासारखा होतो आणि वर्गात सर्वांसमोर घंटा वाजते, ते मुलाने काढून ठेवले, तर दोष यंत्राकडेच जातो.

त्यानंतरचे सेन्सर पुष्कळ सुधारले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २५ वर्षांवरील मधुमेह्यांपैकी ८३ टक्के लोक ते आठवड्यातून सहा दिवस तरी लावीत आणि त्यांची साखर सुधारली. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत, जेथे आईबाप लक्ष ठेवतात, हे प्रमाण ५० टक्के होते. आणि १५ ते २४ या वयात अवघे ३० टक्के. त्या गटात साखरेत फरक पडला नाही. यंत्र एकच, रोग एकच. फरक वयाचा. सोळाव्या वर्षी माणसाला आपण इतरांसारखे दिसावेसे वाटते, दंडावर चिकटविलेली चकती मित्रांनी पाहू नये असे वाटते, आणि आई फोनवर आपली साखर पाहते याचा राग येतो. येथे मोजणीतला खंड खरोखर धोक्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेणे आम्हांस मान्य नाही. पण त्या मुलीला आरंभशूर म्हणून तो भरून निघत नाही. चकती लहान झाली, टोचणे कमी झाले, खोट्या घंटा थांबल्या, की लावण्याचे दिवस वाढतात. चष्म्याचे उदाहरण आहेच. तो नाकावर रुततो, पावसात धुक्याने भरतो, तरी माणूस तो जन्मभर वापरतो, कारण तो चढविताच समोरचे अक्षर दिसते. साखरेच्या आकड्याचे फळ वीस वर्षांनी शाबूत राहिलेल्या डोळ्यांत दिसावयाचे. पंधराव्या वर्षी इतके लांबचे कोणाला दिसते?

अखंडपणाची मागणी आता आणखी एका बाजूने येऊ लागली आहे, आणि श्रोत्यांपैकी नोकरदारांनी तिकडे लक्ष ठेवावे. अमेरिकेतील जॉन हॅनकॉक ही जुनी विमा कंपनी. तिने २०१८ साली आपल्या सर्व आयुर्विमा पॉलिसींना पावले आणि नाडी यांच्या मोजणीचा कार्यक्रम जोडल्याचे जाहीर केले. माहिती देणे ऐच्छिक. सवलत मात्र देणाऱ्यालाच. आपल्याकडेही काही आरोग्यविमा योजनांत पावले भरली तर पैसे परत मिळतात. चालणाऱ्याला बक्षीस मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. पण जो पट्टा आपल्या प्रश्नासाठी बांधला होता तो आता दुसऱ्याच्या प्रश्नासाठी बांधला जातो, आणि जेफर्सनने लिहिलेली ती सूचना, म्हणजे वाटेल तेव्हा आकडा सोडवून खिशात पडू द्यावा, ती या करारात बसत नाही. मांडीचे हाड मोडून तीन महिने पडून असलेल्या माणसाने काय करावे? बाळंतिणीने काय करावे? चीनमध्ये यावर लोकांनी आपला तोडगा काढला. खोटी पावले भरण्यासाठी फोन झुलविणारे लहान पाळणे तेथे विकावयास आले. फोन पाळण्यात घालावयाचा, वीज लावावयाची, आणि आपण निवांत झोपावे. सकाळपर्यंत दहा हजार पावले झालेली असतात.